निपलमागची बुळबुळ : कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्याची साधनं निर्जंतुक कशी ठेवायची

या मालेत आज आपण कोंबडीच्या पाण्याबद्दल बोलणार आहोत. पण विहिरीतल्या किंवा बोअरमधल्या पाण्यापुरतं आपल्याला थांबायचं नाही. टाकीतून निघालेलं पाणी निपलच्या टोकाला येईपर्यंत ज्या नळ्यांमधून, कॉकमधून, बेल ड्रिंकरमधून जातं, त्या साधनांच्या पोटात काय चाललेलं असतं, तो आजचा खरा विषय आहे. भंडारा जिल्ह्यातले पोल्ट्रीवाले शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून आपण बोलू. बाकीच्या जिल्ह्यांतल्या श्रोत्यांनी आपल्या पाण्याचा हिशेब त्यावरून मांडावा.

आधी आकडा बघू. ब्रॉयलर पक्षी जेवढं खाद्य खातो, त्याच्या साधारण पावणेदोन ते दोन पट पाणी पितो. पाच आठवड्यांचा पक्षी दिवसाला दीडशे-एकशेसाठ ग्रॅम खातो, म्हणजे पाव लिटरच्या वर, तीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी पितो. पाच हजार पक्ष्यांचं शेड असेल तर रोज दीड हजार लिटर झालं. हे बऱ्या हवामानातलं गणित आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा पक्षी खाणं सोडतो आणि पाणी दुपटीकडे नेतो. खाद्याच्या पोत्यावर आपण तारीख बघतो, वास घेतो, ओलं असेल तर परत पाठवतो. वजनाने खाद्याच्या दुप्पट पोटात जाणाऱ्या पाण्याकडे मात्र 'चांगलं दिसतंय ना, मग झालं' एवढ्यावर सोडतो.

आणि पाणी दिसतंही चांगलंच. तिथेच फसगत आहे.

आम्ही शेडवर जातो तेव्हा एक साधी गोष्ट करायला सांगतो. निपल लाइनच्या शेवटच्या टोकाचं बूच काढा आणि आतून बोट फिरवा. बरेचदा बोटाला तपकिरी, चिकट, शेंबडासारखा थर लागतो. माठ आठ-दहा दिवस घासला नाही तर आतून जसा बुळबुळीत लागतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की माठात आपला हात जातो, नळीत जात नाही. या थराला शास्त्रात बायोफिल्म म्हणतात. पाण्यातले जिवाणू आधी नळीच्या भिंतीला चिकटतात, मग स्वतःभोवती एक चिकट पदार्थ सोडतात आणि त्या आवरणाखाली वस्ती करतात. त्या वस्तीत मग ई-कोलाय येतो, साल्मोनेला येतो, स्यूडोमोनास तर अशा जागी हमखास असतो. मधूनमधून त्या थराचा तुकडा सुटतो आणि पाण्याबरोबर पक्ष्याच्या चोचीत जातो.

दातांवरचं किटण हाही बायोफिल्मच. सतराव्या शतकात लेवनहूक नावाच्या डच माणसाने स्वतः घासलेल्या भिंगांतून स्वतःच्या दातांवरचं किटण पाहिलं. त्यात त्याला वळवळणारे जीव दिसले. व्हिनेगरने दात धुतल्यावर बाहेरच्या बाजूचे जीव मेले, पण थराच्या आतपर्यंत व्हिनेगर पोचलं नाही, हेही त्याने 1684 च्या सुमारास लिहून ठेवलं. आज शेडमध्ये आपलं जे होतं ते तंतोतंत हेच. टाकीत औषध टाकलं, पाण्यातले मोकळे जिवाणू मेले, थराच्या आतले तसेच राहिले, आणि दोन दिवसांत पुन्हा पाण्यात उतरले. थराच्या आत बसलेले जिवाणू मोकळ्या जिवाणूंपेक्षा कित्येक पट, कधी शेकडो पट जास्त औषध सहन करतात.

आता आपल्या जिल्ह्याचं पाणी बघू, कारण या थराला खाऊ कुठून मिळतो ते त्यातून कळतं.

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव, माजी मालगुजारी तलाव, शेताशेतांतल्या बोड्या, आणि मधून वाहणारी वैनगंगा. पोल्ट्रीला पाणी मुख्यतः विहिरीचं नाहीतर बोअरचं. उन्हाळ्यात बोअर आटली की मात्र तलावाचं, बोडीचं पाणी टँकरने आणून टाकीत ओतलं जातं, आणि ही आम्हाला सगळ्यात धोक्याची वेळ वाटते. हिवाळ्यात या तलावांवर बाहेरून आलेली बदकं आणि पाणपक्षी उतरतात, त्यांची विष्ठा पाण्यात पडते. बर्ड फ्लूचा विषाणू पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून पसरतो आणि थंड पाण्यात बरेच दिवस टिकतो. महाराष्ट्राला या रोगाची पहिली ओळख फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातलं मुरुंबा झालं. आणि अगदी शेजारचं सांगायचं तर डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, त्यांच्यात हाच विषाणू सापडला. ते पाण्यामुळे झालं असं आम्ही म्हणत नाही. विषाणू आपल्या अंगणाच्या किती जवळ येऊन गेलाय, एवढंच त्यातून घ्यायचं. तलावाचं पाणी वापरायचंच झालं तर आधी तुरटीने निवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि मग क्लोरीन द्यायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकणं म्हणजे ते मातीला आणि पालापाचोळ्याला खायला घालणं. पवनीकडे गोसीखुर्दच्या जलाशयाचं पाणी जवळ आहे म्हणून उचलणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की नागपूरच्या नाग नदीतलं सांडपाणी कन्हानमार्गे त्याच जलाशयाकडे येतं.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. ते दिसायला काचेसारखं असतं. पण काही बोअरचं पाणी बादलीत रात्रभर ठेवलं की तळाशी तांबूस साका बसतो, त्यात लोह आहे. काही ठिकाणी साका काळपट असतो, तो मँगनीजचा. तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी आहेत, तेव्हा या धातूचं नाव आपल्याला नवीन नाही. हे दोन्ही पोल्ट्रीला दोन तऱ्हेने नडतात. एक तर नळीच्या भिंतीवर त्यांचा खरखरीत थर बसतो आणि त्या खरखरीत जागेत जिवाणूंना पाय रोवायला आधार मिळतो. दुसरं, ते क्लोरीन खाऊन टाकतात. लिटरला एक मिलिग्रॅम लोह असेल तर सुमारे 0.6 मिलिग्रॅम क्लोरीन त्यातच संपतं, मँगनीज असेल तर सुमारे 1.3. म्हणजे टाकीत मोजून टाकलेलं क्लोरीन पक्ष्यापर्यंत पोचायच्या आधीच खर्ची पडतं. पाणी जड असेल तर चुन्याचा पांढरा थर बसतो तो वेगळाच. निपलची पिन अडकून ती ठिबकायला लागते, खालचं धानाचं तूस ओलं होतं, आणि ओल्या गादीत कॉक्सी आणि अमोनिया दोन्ही वाढतात.

आणि थराला सगळ्यात चांगला खाऊ आपणच घालतो. पिल्लं आली की पहिल्या दिवशी गुळाचं पाणी, ग्लुकोज. मग व्हिटॅमिन, लिव्हर टॉनिक. मग लशीच्या वेळी दूध पावडर. यातलं काहीही वाईट नाही, प्रवासातून थकून आलेल्या पिल्लाला साखर उपयोगीच पडते. पण जरा विचार करा. ब्रूडिंगच्या जागी तापमान 32-34 अंश आहे, पाच हजार पिल्लं मिळून पहिल्या दिवशी जेमतेम सव्वाशे लिटर पाणी पितात, म्हणजे नळीत पाणी जवळजवळ उभंच आहे. कोमट, उभं आणि गोड पाणी. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे तर याहून वेगळं काय करतात? म्हणून गुळाचं पाणी द्यायचं ते वरच्या चिक ड्रिंकरमधून द्या, निपल लाइनमध्ये सोडू नका. लाइनमधून काहीही गोड, दुधाळ, तेलकट गेलं तर त्याच दिवशी लाइन जोरात धुवा, ज्याला आपण फ्लशिंग म्हणतो. पहिल्या आठवड्यात तर रोज फ्लश करा, पाणीही गार राहील.

बॅचमध्ये मर लागते तेव्हा नेमकं काय होतं ते पाहू. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पक्षी मरायला लागतात. चिरून पाहिलं तर काळजावर आणि यकृतावर पांढरी साय धरल्यासारखी दिसते. शेतकरी म्हणतो, 'कोलाय लागला.' बरोबर आहे, ते बहुतेक ई-कोलायचंच लक्षण असतं. ते दरवेळी पाण्यातूनच येतं असं नाही. धूळ, अमोनिया, सीआरडी, हॅचरीतून आलेली कच्ची बेंबी, अशी बरीच कारणं असतात. पण उपाय म्हणून आपण काय करतो? प्रतिजैविक आणतो आणि पाण्यातून देतो. म्हणजे औषध त्याच नळीतून सोडतो जिच्या भिंतीवर कोलायची वस्ती आहे. नळीतल्या वस्तीला त्या औषधाचा अर्धामुर्धा डोस मिळतो. त्यात जे मरत नाहीत ते जिवाणू पुढच्या बॅचला तयार होऊन बसतात. मग पुढच्या बॅचला तेच औषध 'लागू पडत नाही', आणि दुकानदार त्याहून वरचं काढून देतो.

हे प्रकरण पोल्ट्रीपुरतं राहिलेलं नाही. कोलिस्टिन नावाचं औषध माणसांच्या अतिदक्षता विभागात अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरतात. तेच आपल्याकडे कोंबड्यांना सर्रास दिलं जायचं. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि पोल्ट्रीत त्याच्या वापरावर बंदी घातली. नळी स्वच्छ ठेवणं हा आमच्या मते प्रतिजैविकांचा खर्च कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. करारावर पक्षी पाळणाऱ्याला तर मर आणि एफसीआर यांवरच संगोपनाचे पैसे मिळतात, तेव्हा हा थेट त्याच्या खिशाचा प्रश्न आहे.

आता कामाकडे वळू. साधनं धुण्याचा खरा मोका एकच, लिफ्टिंग झाल्यापासून पुढची पिल्लं येईपर्यंत. शेडमध्ये पक्षी असताना बायोफिल्म काढायच्या ताकदीचं द्रावण लाइनमध्ये सोडता येत नाही. बॅच चालू असताना आपण फक्त नवीन थर बसू नये एवढं बघू शकतो. हा फरक डोक्यात पक्का असावा, कारण अनेक जण बॅच चालू असताना क्लोरीन दुप्पट करून थर काढायला जातात. थर निघत नाही, मधले तुकडे सुटून निपल चोंदतात आणि पक्षी पाणी प्यायचे कमी होतात.

शेड रिकामं झालं की आधी टाकी. टाकीतलं पाणी पूर्ण काढायचं, तळाचा गाळ हाताने उपसायचा, आतून ब्रशने घासायचं. टाकीला घट्ट झाकण पाहिजे आणि ती सावलीत पाहिजे. उन्हात तापलेल्या टाकीत क्लोरीनही लवकर उडतं आणि जिवाणूही जोमाने वाढतात. टाकीनंतर फिल्टर आणि प्रेशर रेग्युलेटर, ते उघडून धुवायचे. मग निपल लाइन. शेवटचं बूच उघडून पूर्ण दाबाने पाणी सोडायचं, स्वच्छ येईपर्यंत.

त्यानंतर रसायन. बायोफिल्म सोडवायला आज पोल्ट्रीत सगळ्यात जास्त वापरलं जातं ते स्थिर केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. पोल्ट्रीच्या पाण्याच्या लाइनसाठी म्हणून विकलं जाणारं, साधारण 35 ते 50 टक्क्यांचं मिळतं. 35 टक्क्यांचं असेल तर शंभर लिटर पाण्यात तीन लिटर हे नेहमीचं प्रमाण आहे. डबीवर वेगळं लिहिलं असेल तर डबीवरचं खरं मानायचं. हे द्रावण लाइनमध्ये शेवटच्या निपलपर्यंत भरायचं, प्रत्येक ओळीतले थोडे निपल दाबून बाहेर येतंय का ते बघायचं, आणि चोवीस तास तसंच ठेवायचं. पेरॉक्साइडचं पाण्यात विघटन होताना त्यातून प्राणवायू सुटतो, तो थराला आतून फोडतो. हाच वायू बंद नळीत साठला तर जोड उखडतो, म्हणून हवा जायला वाट ठेवायची. हातमोजे आणि चष्मा लागतोच. पन्नास टक्क्यांचा थेंब कातडीवर पडला तर जागा पांढरी होऊन भाजते.

खर्चाची भीती वाटत असेल तर नळीत पाणी किती मावतं ते मोजा. आतून 20 मिलिमीटर व्यासाची, शंभर फूट, म्हणजे तीस मीटर लांबीची नळी घेतली तर तिच्यात साडेनऊ लिटर पाणी मावतं. अशा चार ओळी म्हणजे चाळीस लिटरच्या आत. मुख्य पाइप धरून साठ-सत्तर लिटर द्रावण खूप झालं. त्यासाठी दोन लिटर औषध लागेल. प्रतिजैविकाच्या बिलाशेजारी हे बिल ठेवून बघा.

चोवीस तासांनी पुन्हा जोरात फ्लश. या वेळी शेवटच्या बुचातून जे बाहेर पडतं ते पांढऱ्या बादलीत धरा, घरच्यांनाही दाखवा. पुढच्या वेळी कुणाला सांगावं लागत नाही.

जड पाण्याच्या भागात नळीत चुन्याचा थर असेल तर पेरॉक्साइडनंतर, लाइन धुऊन झाल्यावर, लिंबूसत म्हणजे सायट्रिक अॅसिडचं द्रावण वेगळं भरायचं. द्रावणाचा पीएच पाचच्या खाली असला म्हणजे चुना सुटतो. इथे एक इशारा दोनदा सांगतो. ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट आणि कोणतंही आम्ल एका बादलीत कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत माणूस दगावू शकतो. पेरॉक्साइड आणि क्लोरीनही एकत्र वापरायचं नाही. तिथे जिवाचा धोका कमी, पण दोघं एकमेकांना संपवतात आणि हाती काहीच राहत नाही. दरवेळी मध्ये साधं पाणी.

सगळं धुऊन झालं की लाइन रिकामी किंवा साध्या पाण्याने भरून सोडायची नाही. क्लोरीन घातलेलं पाणी भरून ठेवायचं आणि पिल्लं यायच्या दिवशी सकाळी ते काढून ताजं भरायचं.

बेल ड्रिंकर असतील तर काम सोपं आहे आणि कटकटीचंही. सोपं, कारण सगळं डोळ्यांना दिसतं. कटकटीचं, कारण तुसाची धूळ, खाद्याचे कण आणि विष्ठा त्यात रोज पडते. ते रोज सकाळी रिकामे करून घासलेच पाहिजेत. क्रम असा, की आधी घासायचं आणि नंतर जंतुनाशक. मळ असलेल्या भांड्यावर जंतुनाशक ओतलं तर ते मळातच संपतं. ड्रिंकरमधलं घाण पाणी शेडमधल्या गादीवर ओतू नका, बादलीत घेऊन बाहेर टाका. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पाण्याच्या जागेभोवती गादी ओली होण्याचं हे मोठं कारण असतं.

लाल औषधाबद्दल, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटबद्दल, नेहमी विचारतात. पाणी गुलाबी केलं की मन निवांत होतं, हे आम्हाला कळतं. पण त्या गुलाबी रंगात थोडी घाण पडली की ते तपकिरी होतं, म्हणजे औषध संपलं. खाली जो तपकिरी साका बसतो तो मँगनीजचाच. ज्या लाइनमधून आपण मँगनीज काढायला बघतोय तिच्यात ते आणखी घालण्यात अर्थ नाही. भांडं बुडवून धुवायला ठीक आहे, निपल लाइनसाठी आम्ही ते सुचवत नाही.

आता बॅच चालू असतानाचं रोजचं क्लोरीन. गावात ज्याला आपण टीसीएल म्हणतो, ती ब्लीचिंग पावडर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टाकतो आणि नळावर ओटी चाचणी करतो. तीच रीत आपल्याला शेडमध्ये आणायची आहे. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांपर्यंत उपलब्ध क्लोरीन असतं, पण पोतं उघडं राहिलं, दमट झालं की ते झपाट्याने घटतं. आपण 25 टक्के धरू. हजार लिटरला 3 पीपीएम हवं म्हणजे 3 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 12 ग्रॅम पावडर. पाचशे लिटरच्या टाकीला 6 ग्रॅम. पावडर थेट टाकीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत कालवून घ्या, चुना तळाशी बसू द्या आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओता. चुना निपलमध्ये गेला तर पिन अडकते. टाकीत मिसळल्यावर किमान अर्धा तास थांबा.

हे 12 ग्रॅम सुरुवात करण्यापुरते आहेत. तुमच्या पाण्यात लोह असेल तर ते कमी पडतील. म्हणून मोजायचं कुठे, तर टाकीत नाही, शेडच्या शेवटच्या निपलला. तिथे 2 ते 3 पीपीएम मिळालं पाहिजे. गावाच्या नळाला शेवटच्या घरी 0.2 पीपीएम पुरतं, मग कोंबडीला एवढं का, असं विचारलं जातं. घरी पाणी नळातून थेट भांड्यात येतं. शेडमध्ये ते कोमट नळीत तासन् तास उभं असतं आणि धुळीने, चोचीने घाण होत राहतं. ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग लगेच, पहिल्या काही सेकंदांत बघायचा. पाच मिनिटांनी गडद झालेला रंग हा बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, त्याची ताकद फारच कमी.

आणि पीएच. हा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात, म्हणून इथे थोडं थांबू. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं. एक हायपोक्लोरस आम्ल, ते जिवाणूच्या भिंतीतून आत शिरतं. दुसरा हायपोक्लोराइट आयन, तो बाहेरच घुटमळतो, त्याची मारकशक्ती पहिल्याच्या ऐंशी ते शंभराव्या हिश्शाएवढीच. पीएच 7 असेल तर सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन कामाच्या रूपात असतं. 7.5 ला निम्मं. 8 ला जेमतेम एक चतुर्थांश. 8.5 ला दहाव्या भागाच्या आसपास. म्हणजे दोन शेतकऱ्यांनी मोजून सारखीच पावडर टाकली, ओटीचा रंग सारखाच आला, तरी एकाचं क्लोरीन दुसऱ्याच्या निम्म्यानेही काम करत नसेल. त्यामुळे एकदा तरी बोअरच्या पाण्याचा पीएच, जडपणा, लोह तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा याच कामासाठी आहेत, साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारता येईल. पीएच 8 च्या वर असेल तर पोल्ट्रीसाठीचं सेंद्रिय आम्ल पाण्यातून देऊन तो साडेसहा-सातवर आणता येतो. मात्र आम्ल आणि क्लोरीन यांची मूळ द्रावणं वेगळ्या भांड्यांत, आणि मिसळायची ती भरपूर पाण्यातच. नुसतं आम्ल देऊन क्लोरीन बंद करणाऱ्यांनाही सावध करतो. आम्लधर्मी पाण्यात काही बुरशी आणि यीस्ट मजेत वाढतात, आणि मग नळीत दह्यासारख्या गुठळ्या सापडतात.

लशीचा दिवस याला अपवाद. गंबोरो, लासोटा या पाण्यातून द्यायच्या लशी जिवंत विषाणूच्या असतात, आणि क्लोरीनला लशीतला विषाणू आणि रोगाचा जंतू यांतला फरक कळत नाही. लशीआधी 48 तास क्लोरीन, आम्ल, पेरॉक्साइड सगळं बंद. लशीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम बिनसायीची दूध पावडर आधी विरघळवायची, ती उरलंसुरलं क्लोरीन शोषून घेते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी लस मिसळायची. साधारण दोन तासांत पक्ष्यांनी पाणी संपवलं पाहिजे. त्यानंतर लाइन धुवायची, कारण दूध आत राहिलं आहे. लस दिली आणि आठवडाभर क्लोरीन सुरूच केलं नाही, असं होऊ देऊ नका.

केलेलं काम लागू पडलं की नाही, हे कळायला एक स्वस्त साधन आहे, एच-टू-एसची बाटली. 1982 मध्ये मांजा आणि त्यांच्या सहकारी भारतीय शास्त्रज्ञांनी ही चाचणी प्रसिद्ध केली, आणि खेड्यांतलं पाणी तपासायला ती आजही वापरतात. बाटलीत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतल्या जिवाणूंचा संशय घ्यायचा. दोन बाटल्या घ्या, एक बोअरच्या तोंडाशी भरा आणि एक शेवटच्या निपलला. दोन्ही काळ्या आल्या तर स्रोतच बिघडलाय, विहिरीचा कठडा, जवळचा शोषखड्डा, खताचा ढीग बघा. बोअरची स्वच्छ आणि निपलची काळी आली तर दोष टाकीत नाहीतर नळीत आहे. या दुसऱ्या निकालानंतर पाण्याला नावं ठेवायला जागा उरत नाही. नमुना घेताना मात्र पाण्यात क्लोरीन नको, नाहीतर खोटा दिलासा मिळेल. क्लोरीन मारायचे थेंब घातलेली बाटली असेल तर उत्तम.

शेवटी श्रोत्यांनी विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो. पहिला प्रश्न लाखांदूरच्या एका ताईंचा आहे. त्यांच्याकडे पंधरा-वीस गावरान कोंबड्या आहेत, निपल नाही, मातीचे परळ आहेत. ताई, तुमच्यासाठी यातलं निम्मं लागू नाही. परळ दोन जोड्या ठेवा. एक वापरात, दुसरी राखेने किंवा साबणाने घासून दिवसभर कडक उन्हात पालथी. मातीचं भांडं पाणी मुरवतं, त्यामुळे ते पूर्ण सुकणं महत्त्वाचं. परळ दोन विटांवर ठेवा, म्हणजे कोंबडी पायाने उकरून माती आत टाकणार नाही. कोंबड्या सांडपाण्याच्या मोरीवर पाणी पीत असतील तर आधी ते थांबवा, परळ धुण्याचा उपयोग त्यानंतर.

दुसरा प्रश्न मोहाडीकडून आहे, की दोन बॅचमध्ये कंपनी आठ-दहा दिवसच देते, त्यात एवढं होतं का. होतं. लिफ्टिंगच्या दिवशी संध्याकाळी टाकी रिकामी करून लाइन फ्लश करा, थर ओला असतानाच सुटतो, वाळला की चिवट होतो. दुसऱ्या दिवशी पेरॉक्साइड भरा, तिसऱ्या दिवशी धुवा. चुना असेल तर तिसऱ्या दिवशीच लिंबूसत, चौथ्या दिवशी धुवा. गादी काढणं आणि शेड धुणं याच दिवसांत चालू राहील, लाइनमध्ये द्रावण भरलेलं असताना त्याला अडचण नाही. फक्त लाइन विंचने वर उचलून ठेवा, आणि द्रावण भरलेल्या प्रत्येक ओळीला चिठ्ठी बांधा. शेडमध्ये काम करणारा मजूर तहान लागली की त्याच निपलला ओंजळ लावतो, हे आम्ही पाहिलेलं आहे.